दोनच उलट्या झालेला रुग्ण: ऐरोलीतल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण ऐरोलीतल्या एका वन बीएचके घराचं आहे. घरात पाच माणसं, संडास एकच. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पोटाचा विषाणू घरात शिरला आणि पाच दिवसांत एक-एक करून चौघांना आडवं केलं. मी या कुटुंबाची फॅमिली डॉक्टर आहे. त्यांच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लिहिण्याचं कारण घरातले आजोबा. उलट्या त्यांना दोनच झाल्या, सगळ्यात कमी तक्रार त्यांनी केली, आणि घरात खरा धोका होता तो त्यांनाच. घरातल्या सगळ्यांचं लक्ष उलटीच्या बादलीकडे होतं. ते लघवीकडे आणि औषधांच्या डबीकडे जायला हवं होतं. घरी बरं होण्यासारखाच हा आजार आहे, त्यात शंका नाही. पण कोणाला घरी ठेवायचं आणि किती वेळ ठेवायचं, हे माणूस किती ओकतो यावरून ठरत नाही.

घरात साडेचार वर्षांचा मुलगा, त्याचे आई-वडील आणि वडिलांचे आई-वडील. आजोबा बहात्तर वर्षांचे, अंगात रक्तदाब आणि मधुमेह, दोन्ही आटोक्यात. गोळ्या कधी चुकवायचे नाहीत. ही शिस्त पुढे महत्त्वाची ठरली.

गुरुवार रात्र ते शनिवार: मुलगा

मुलाच्या शाळेच्या व्हॅनमध्ये बुधवारी एका मुलीला उलटी झाली होती. गुरुवारी रात्री झोपेतच या मुलाने अंथरुणावर उलटी केली आणि सकाळपर्यंत सहा वेळा ओकला. पहाटे पातळ शी सुरू झाली. पाण्यासारखी, रक्त किंवा आव नाही. ताप अंगाला कोमट लागेल इतकाच.

कोणता विषाणू, याची तपासणी केली नाही. घरी बऱ्या होणाऱ्या रुग्णात ती करतही नाहीत, कारण उत्तर काहीही आलं तरी उपचार तेच राहतात. पण लागण झाल्यापासून दीडेक दिवसात अचानक सुरुवात, उलट्यांचा जोर, थंडीचे दिवस आणि मग घरात एकापाठोपाठ एक माणूस पडणं हे चित्र नोरोव्हायरसचं आहे. या विषाणूला लागण करायला फार थोडे कण पुरतात आणि लागण ते लक्षणं हा काळ साधारण 12 ते 48 तासांचा असतो. मुलाला रोटाव्हायरसचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळालेले होते. आईने कार्ड दाखवलं आणि विचारलं, ‘‘मग हे कसं झालं?’’ ती लस रोटाव्हायरसपासून, त्यातही त्याच्या गंभीर आजारापासून, वाचवते. नोरोव्हायरस हे वेगळं कुळ आहे. त्यावर वापरात असलेली लस अजून नाही.

रात्रभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा होत राहिली. उलटी झाली की पोराला तहान लागायची. आजी मायेने पेलाभर पाणी द्यायची, तो गटागट प्यायचा आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर. विषाणूने चिडलेलं जठर ताणलं की ते उलटतं. पेलाभर पाणी एकदम गेलं की ते ताणलं जाणारच. घरच्यांना वाटत होतं, पोटात काहीच टिकत नाही. खरं तर एकदम घातलेलं टिकत नव्हतं.

सकाळी दवाखान्यात आणला तेव्हा वजन साडेचौदा किलो भरलं. नोव्हेंबरमध्ये पंधरा होतं. म्हणजे साधारण तीन टक्के पाणी गेलं असावं. रडला तर डोळ्यांत पाणी येत होतं. जीभ ओलसर होती. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर बसत होती. सकाळी उठल्यावर शू झाली होती. कंटाळलेला होता, पण माझ्या टेबलावरचा टॉर्च ओढायला हात पुढे करत होता. टॉर्चकडे जाणारा तो हात मला नाडीइतकाच उपयोगी वाटतो. कशातच रस न घेणारं, मान टाकणारं मूल वेगळं दिसतं.

वडिलांनी विचारलं, ‘‘मॅडम, सलाईन लावली तर लवकर तरतरी येईल ना?’’ आपल्याकडे हा प्रश्न रोज येतो. त्यामागे प्रेम आहे, म्हणून मी त्याचं उत्तर नीट देते. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला सांगितलं. मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. सलाईन नव्हतं म्हणून हे केलं, पण जीव वाचवण्याइतकं ते चांगलं ठरलं, हे सगळ्या जगाने नंतर मान्य केलं. महालनबीस यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या मुलाला सुई टोचण्याआधी हा मार्ग पूर्ण वापरून बघायलाच हवा.

हे चालतं कसं, तेही वडिलांना सांगितलं, कारण एखादी गोष्ट का करायची ते कळलं की माणूस चिकाटी धरतो. आतड्याच्या पेशींवर एक वाहक असतो. तो मीठ आणि ग्लुकोज दोन्ही एकत्र आले की आत घेतो आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हा वाहक बराचसा काम करत राहतो. नुसत्या पाण्यात तो चालत नाही. नुसत्या साखरेत पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून प्रमाणाला इतकं महत्त्व. या मीठ-ग्लुकोजच्या पाण्याच्या, म्हणजे ओआरएसच्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एका लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. एकूण 20.5 ग्रॅम. पाकिटावर हा आकडा दिसला की ते एक लिटरचं पाकीट आहे असं समजावं.

वडिलांनी रात्रीच मेडिकलमधून दोन गोष्टी आणल्या होत्या. पहिली, ओआरएसचं एक लिटरचं पाकीट, ज्यातली अर्धी पूड त्यांनी एका पेल्यात घोळली होती. मुलाने एक घोट घेऊन थुंकलं आणि ते बरंच झालं. इतकं खारट पाणी लहान मुलाच्या रक्तातलं मीठ धोकादायक वाढवू शकतं. पाकीट फोडलं की पूर्ण पूड मोजून एक लिटर पाण्यात, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. अंदाजाने चिमूट-चिमूट घालायचं नाही. छोटा पेला करायचा तर 200 मिलिलिटरची वेगळी पाकिटं मिळतात. दुसरी वस्तू होती फळांच्या चवीच्या पेयाचा टेट्रापॅक. अशा पेयांत साखर सूत्रापेक्षा कितीतरी पट जास्त आणि मीठ कमी असतं. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ हा शब्द काढायला लावला. नाव गेलं, पण लोकांच्या मनातली सांगड अजून तशीच आहे. तो टेट्रापॅक आईने बाजूला ठेवला.

मग चमचा. उलटी झाल्यावर दहा मिनिटं काहीही द्यायचं नाही. त्यानंतर दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर. आजीला हे फारच थोडं वाटलं. ‘‘एवढ्याशाने काय होणार?’’ हिशेब साधा आहे. दोन मिनिटांना पाच मिलिलिटर म्हणजे तासाला 150. चार तासांत 600. पंधरा किलोच्या मुलाला पेल्याने हे कधीच टिकलं नसतं. वडिलांनी मोबाईलवर दोन मिनिटांचा गजर लावला आणि कार्टून लावून शेजारी बसले. मधे एकदा ओकला, तेव्हा दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं. उलटी थांबावी म्हणून एक औषध वजनानुसार एकदाच दिलं होतं. पण काम चमच्याने केलं, असं माझं ठाम मत आहे. दुपारी दोनपर्यंत साडेचारशे मिलिलिटर पोटात गेलं होतं आणि भरपूर शू झाली. त्यानंतर प्रत्येक पातळ शीला अर्धा ते एक पेला ओआरएस, तेही हळूहळू.

वडिलांच्या खिशात आणखी एक पट्टी होती. ‘लूज मोशन’ म्हटल्यावर काउंटरवरून मिळालेली दोन अँटिबायोटिकांची जोडगोळी. विषाणूवर तिचा काडीचा उपयोग नाही. उलट पोटातले चांगले जिवाणू मरून जुलाब लांबतात. जुलाब बांधणारी लोपेरामाईडसारखी गोळी तर लहान मुलांना देऊच नये, कारण आतडी मंदावून पोट फुगण्याचा धोका असतो. शिवाय या आजारात जुलाब थांबवणं हे उद्दिष्टच नाही. जातंय तेवढं भरून काढलं की दोन-तीन दिवसांत जुलाब आपोआप थांबतात. झिंक मात्र दिलं. 20 मिलिग्रॅम रोज, पूर्ण चौदा दिवस. शी घट्ट झाली की लोक ते बंद करतात. या घरातही सहाव्या दिवशी बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू करायला लावलं. झिंकने हा आजार थोडा आखडतो, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागण्याची शक्यताही कमी होते.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने भात मागितला. मऊ भात, वर ताक, चिमूटभर मीठ. शनिवारी मुगाची खिचडी आणि केळं. पोट रिकामं ठेवून आराम देण्याची जुनी पद्धत आता कोणी सांगू नये. आतड्याचं अस्तर अन्न मिळालं की लवकर भरून येतं.

शनिवार: आई

शनिवारी दुपारी आई पडली. गुरुवारी रात्रीची उलटी तिनेच फडक्याने पुसली होती, चादर हाताने खळबळली होती आणि हात सॅनिटायझरने पुसले होते. अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतं, तेही वीस सेकंद चोळून.

तिचा आजार ठसठशीत होता. सहा-सात तास उलट्या, पोटात पिळवटणं, अंग मोडून येणं. पण ती तरुण आहे, दुसरा आजार नाही, ओआरएसचा घोट-घोट तिने स्वतःच सांभाळला. रविवारी संध्याकाळी ती उठून बसली. वडिलांना एक दिवस मळमळ आणि दोन जुलाब यावर भागलं. आजींना शेवटपर्यंत काही झालं नाही. काही माणसांच्या आतड्याच्या अस्तरावर या विषाणूला चिकटायला लागणारी शर्करेची रचनाच जन्मतः नसते. त्यांच्या बाबतीत तेच असेल का, हे तपासण्याचं कारण नव्हतं. त्या उभ्या राहिल्या म्हणून घर चाललं, एवढं खरं.

रविवार ते सोमवार: आजोबा

रविवारी पहाटे आजोबांना दोन उलट्या झाल्या आणि दिवसभरात पाच-सहा पातळ जुलाब. त्यांनी आजींना सांगितलं ते असं: ‘‘मला काही नाही. तुम्ही पोराकडे आणि सूनबाईकडे बघा.’’ घरात त्या वेळी सून आडवी होती, नातू नुकता सावरत होता, मुलगा मळमळत होता. आजोबांचं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं. मीही तिथे असते तर पहिल्या नजरेत त्यांच्याकडे आधी गेले असते असं नाही, इतके ते शांत होते.

पण त्या शांतपणात तीन गोष्टी घडत होत्या. संडास एकच, रात्री उठावं लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळपासून पाणी पिणं जवळजवळ बंद केलं. ओआरएसला त्यांनी हात लावला नाही, कारण त्यात साखर असते आणि त्यांना मधुमेह, त्यात मीठ असतं आणि त्यांना रक्तदाब. आणि गोळ्या मात्र वेळेवर घेतल्या.

सोमवारी सकाळी संडासातून बाहेर येताना त्यांना घेरी आली. बेसिन धरून उभे राहिले. आजींनी विचारलं, ‘‘लघवी कधी झाली होती?’’ त्यांना आठवेना. बहुतेक काल संध्याकाळी. आजींनी मला फोन केला तेव्हा हेच वाक्य आधी सांगितलं, आणि मी दवाखाना उघडण्याआधी त्यांच्या घरी गेले.

आजोबा खुर्चीत बसले होते, शुद्धीवर, बोलणं नीट. जीभ मात्र कोरडी खरखरीत. नाडी 104. रक्तदाब आडवं ठेवून 108/64, उभं केल्यावर 86/54. त्यांचा नेहमीचा 138/80 च्या आसपास असतो. ग्लुकोमीटरवर साखर 142. पोट मऊ, दुखत नव्हतं. छाती स्वच्छ, पायांवर सूज नाही.

मी औषधांची डबी मागितली. सोम, मंगळ असे कप्पे असलेली प्लास्टिकची डबी. रविवारचा कप्पा रिकामा होता आणि सोमवार सकाळचाही. त्यात असतात टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाईड एकत्र असलेली रक्तदाबाची गोळी आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन. डबीशेजारी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची पट्टी होती, तिच्यातल्या दोन गोळ्या कमी. रविवारी रात्री पोटऱ्यांत गोळे आले म्हणून त्यांनी गुडघ्याची गोळी घेतली, पहाटे पुन्हा एक. गोळे आले होते मीठ-पाणी कमी झाल्यामुळे.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण पूर्ण प्रकरणाचं मर्म या डबीत आहे. हायड्रोक्लोरोथायझाईड लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतं, आणि इथे ते आधीच जुलाबावाटे चाललं होतं. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड आपल्या गाळणीतला दाब टिकवण्यासाठी बाहेर जाणारी बारीक धमनी आवळतं. टेल्मिसार्टन ती आवळू देत नाही. आत येणारी धमनी उघडी राहायला शरीराला जे रसायन लागतं, ते डायक्लोफेनॅक बनू देत नाही. तिन्ही औषधं आपापल्या जागी योग्य असतात. पाणी कमी झालेल्या माणसात ती एकत्र आली की मूत्रपिंडाचा स्वतःला वाचवण्याचा प्रत्येक मार्ग बंद होतो. मेटफॉर्मिनने मूत्रपिंडाला इजा होत नाही, पण मूत्रपिंड मंदावलं की ते अंगात साठतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं. मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या कोणी घेत असेल, तर अशा दिवसांत त्याही थांबवाव्या लागतात, कारण साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढण्याचा धोका असतो.

दाखल करायचं का, हा निर्णय त्या खुर्चीसमोर घ्यायचा होता. ऐरोलीत महापालिकेचं रुग्णालय जवळ आहे, 108 ची गाडीही बोलावता आली असती. घरी ठेवण्याच्या बाजूने काय होतं? शुद्ध पूर्ण होती, उलटी थांबून एक दिवस झाला होता, पिऊ शकत होते, हृदयाचा आजार नव्हता, पाजायला आजी आणि मुलगा दोघं होते, आणि रक्ताची तपासणी दुपारच्या आत मिळणार होती. विरुद्ध बाजूला वय आणि तो उभ्याने घेतलेला रक्तदाब. मी घरी ठेवलं, पण अटीवर: दुपारी एकपर्यंत लघवी झाली नाही, पुन्हा उलटी सुरू झाली, बोलण्यात गोंधळ आला किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) दोनच्या वर निघालं, तर थेट रुग्णालय. फोन करून विचारत बसायचं नाही. या अटी कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या.

चारही औषधं बंद केली. ओआरएस सुरू केलं. आजोबांचा साखरेवरचा आक्षेप खरा होता, म्हणून आकडा सांगितला. एका लिटरमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन चमचे, आणि तेवढं नसेल तर मीठ आत जाणारच नाही. मिठाबद्दल म्हटलं, ‘‘काका, तुमचा आत्ताचा रक्तदाब मीठ गेल्यामुळेच पडला आहे.’’ ते पटलं. दर अर्ध्या तासाला एक पेला, बसून, घोट-घोट. दम लागतोय का, यावर मुलाने लक्ष ठेवायचं.

आजींच्या बहिणीने सकाळीच चार शहाळी पाठवली होती. शहाळं थांबवलं तेव्हा आजींना वाईट वाटलं. धडधाकट माणसाला एखादं शहाळं चालतं. पण त्यात मीठ थोडं आणि पोटॅशियम ओआरएसच्या दुपटीहून जास्त. टेल्मिसार्टन अंगात असलेल्या आणि लघवी न होणाऱ्या माणसाला वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं.

पावणेबाराला लघवी झाली. थोडी, गडद पिवळी, पण झाली. रक्ताचा रिपोर्ट साडेबाराला आला. क्रिएटिनिन 1.9, सहा महिन्यांपूर्वी 1.1 होतं. सोडियम 133. पोटॅशियम 5.0, म्हणजे वरच्या टोकाला. मूत्रपिंडाला धक्का बसलेला होता. ठरवलेली रेघ ओलांडलेली नव्हती आणि लघवी सुरू झाली होती, म्हणून एका फिजिशियनशी फोनवर बोलून घरीच ठेवलं, पण संध्याकाळी पुन्हा जाऊन बघायचं ठरवून. संध्याकाळी उभ्याने रक्तदाब 112/68, लघवी आणखी दोन वेळा, रंग फिकट. रात्री त्यांनी मेतकूट-भात खाल्ला. बुधवारी क्रिएटिनिन 1.3, पुढच्या सोमवारी 1.1.

घर धुणं आणि हळदीकुंकू

नोरोव्हायरस फरशीवर, नळावर, कडीवर बरेच दिवस टिकतो. साबणाने तो वाहून जातो, मारायला क्लोरीन लागतं. पाच टक्क्यांचं द्रव ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात 20 मिलिलिटर. उलटी-शी आधी कागदाने टिपून घ्यायची, मग हे पाणी लावून दहा मिनिटं राहू द्यायचं. संडासाची कडी, फ्लशचं बटण, नळ, फ्रिजचा दांडा आणि सगळ्यांचे मोबाईल ही ठिकाणं विसरली जातात. मोबाईलवर ब्लीच नको, साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवायचं. या घरात ब्लीचच्या बाटलीशेजारी संडास धुण्याचं अ‍ॅसिड ठेवलेलं होतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि खिडकी नसलेल्या छोट्या संडासात तो जीवघेणा ठरू शकतो. अ‍ॅसिडची बाटली वेगळ्या जागी हलवली आणि त्या आठवड्यात फक्त ब्लीच वापरलं.

आईने मंगळवारी हळदीकुंकू ठेवलं होतं. तीसेक बायकांना आमंत्रण गेलेलं, वाण आणून ठेवलेलं. सोमवारी तिने फोनवर विचारलं, ‘‘मॅडम, मी आता अगदी ठीक आहे, करू ना?’’ तिचा शेवटचा जुलाब रविवारी संध्याकाळी झाला होता. लक्षणं थांबल्यावर किमान 48 तास दुसऱ्यांसाठी अन्न हाताळू नये, हा नियम. विषाणू शीतून त्यानंतरही दोन आठवडे किंवा जास्त जात राहतो, म्हणून हात धुणं सोडायचं नाही. तिळगुळाच्या वड्या हाताने थापायच्या, हातावर द्यायच्या, आणि येणाऱ्यांत एक गरोदर, दोन सत्तरीच्या पुढच्या. तिने सगळ्यांना खरं कारण कळवून कार्यक्रम पुढच्या शुक्रवारी, रथसप्तमीच्या आत, घेतला. खरं कारण कळवलं, याचं मला फार कौतुक वाटलं. घरातलं आजारपण झाकण्याकडे आपला कल असतो. तिच्या निरोपामुळे बिल्डिंगमधल्या आणखी एका घराने त्यांच्या मुलीला तशाच उलट्या होत असल्याचं मला सांगितलं आणि तिथे पहिल्या दिवसापासून चमचा सुरू झाला.

मुलाला बुधवारी पुन्हा चार पातळ शी झाल्या. घर हबकलं. विचारलं तर कळलं, अशक्तपणा भरून यावा म्हणून मंगळवारपासून दोन वेळा चॉकलेट पावडर घालून मोठा कप दूध सुरू केलं होतं. विषाणूने आतड्याच्या अस्तराचं वरचं टोक झडतं आणि दूध पचवणारं लॅक्टेज तिथेच असतं. ते परत यायला आठवडा-दीड आठवडा लागतो. दही-ताक त्यामानाने पचतं. दूध थांबवलं, दुसऱ्या दिवशी शी घट्ट झाली. दहा दिवसांनी अर्ध्या कपापासून पुन्हा सुरू केलं, काही त्रास नाही. धोक्याच्या खुणा इथे सांगून ठेवते: शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, न थांबणारी पोटदुखी, गुंगी, किंवा तांदळाच्या धुवणासारखे एकामागून एक जुलाब. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी थांबू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर लक्षणं सौम्य असली तरी दाखवावं.

आजोबांचं मेटफॉर्मिन गुरुवारी, दोन दिवस नीट जेवल्यावर आणि क्रिएटिनिन उतरल्याचं बघून, सुरू केलं. रक्तदाबाची गोळी पुढच्या सोमवारी, रक्तदाब 146/84 झाल्यावर. ती देताना हायड्रोक्लोरोथायझाईड वगळून नुसतं टेल्मिसार्टन दिलं आणि दोन आठवड्यांनी 136/80 मिळाला, तेव्हा तेच चालू ठेवलं. डायक्लोफेनॅकची पट्टी घरातून काढली. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं मलम. डबीच्या झाकणावर आजींनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: ‘उलटी, जुलाब किंवा जेवण बंद असेल तर या गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना फोन.’ मनाने बंद करायच्या नाहीत आणि मनाने चालूही ठेवायच्या नाहीत, असं आमचं ठरलं आहे. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन पुन्हा तपासायचं आहे.